न उघडलेले पाकीट आणि तडकलेला तंबोरा

नाशिकमध्ये गेली बावीस वर्षे संगीत विद्यालय चालवणाऱ्या एका शिक्षिकेचे पत्र आले आहे. श्रावणातल्या एका रविवारी संध्याकाळी विद्यालय बंद असताना कोणीतरी आत शिरून वाद्यांची नासधूस केली. दोन्ही तंबोऱ्यांच्या तारा घोडीजवळ कापलेल्या होत्या आणि मोठ्या तंबोऱ्याचा भोपळा तडकून त्याचे तीन तुकडे निघाले होते. तीन तबल्यांच्या आणि एका डग्ग्याच्या पुड्या, म्हणजे तोंडावरची चामडी, ब्लेडने चिरलेल्या, दोन डग्ग्यांना लाथांनी पोचे आलेले, पेटीचा भाता फाडून तिच्यात पाणी ओतलेले, असे दृश्य त्यांना सोमवारी सकाळी दिसले. चोरी काहीही झाली नव्हती. फीच्या पैशांचा डबादेखील जागच्या जागी होता. समोरच्या औषधांच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात सात वाजून चाळीस मिनिटांनी तीन मुले कुंपणावरून चढताना दिसतात. त्यांपैकी एकाचा चेहरा क्षणभर दिसतो. तो चार वर्षे तबला शिकून जूनमध्ये अचानक यायचा थांबलेला, दहावीतला विद्यार्थी आहे. तिसऱ्या दिवशी त्याचे वडील आले, ‘मुलाचे दहावीचे वर्ष आहे’ एवढेच बोलून टेबलावर एक पाकीट ठेवून गेले. न्यासाच्या कार्यकारिणीतल्या दोघांना पोलिसांत जायचे आहे, दोघांना पैसे घेऊन विषय मिटवायचा आहे, तर पाचव्या सदस्यांच्या मते महिनाभर वर्गच बंद ठेवावेत. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर त्या मुलाचा फोटो फिरतो आहे. शिक्षिका लिहितात, ‘पलुस्करांच्या नाशकात सरस्वतीचा असा अपमान व्हावा, आणि तो माझ्याच विद्यार्थ्याने करावा! तक्रार केली तर एका मुलाचे आयुष्य डागाळेल, माफ केले तर वाद्यांशी प्रतारणा होईल. मी काय करू?’

ताई,

तुमच्या सात पानी पत्रात प्रत्येक वाद्याच्या जखमेचे वर्णन आहे. परंतु कोणते वाद्य कोणाचे, याची नोंद सलग कुठेच नाही. ती मला चार ठिकाणांहून वेचावी लागली. मोठा तंबोरा तुमच्या गुरुजींच्या घरच्यांनी त्यांच्या पश्चात संस्थेला दिलेला आहे. लहान तंबोरा तुमचा स्वतःचा. पेटी पालकांच्या वर्गणीतून आलेली आणि म्हणून न्यासाची. तबल्याच्या तीन जोड्यांपैकी दोन संस्थेच्या. तिसरी मात्र मध्यमेच्या, म्हणजे संगीताच्या मधल्या पातळीच्या, परीक्षेला बसणाऱ्या एका मुलीची आहे, जी तिने सरावासाठी तुमच्याकडे ठेवली होती. ही मुलगी तुमच्या पत्रात फक्त एका ओळीत येते आणि पुन्हा दिसत नाही.

मी तिच्यापासून सुरुवात करतो, कारण ‘तक्रार करू की माफ करू’ या तुमच्या प्रश्नात हा निर्णय सर्वस्वी तुमचा आहे, असे गृहीत धरलेले आहे. तुमच्या लहान तंबोऱ्याच्या चार तारांपुरता तो तुमचा आहेच, आणि त्या तारा कापणाऱ्याला तुम्ही आज रात्री मनोमन क्षमा केलीत तरी कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. पण त्या मुलीच्या तबल्याबद्दल तुम्ही क्षमा कशी करणार? न्यासाच्या मालमत्तेचे नुकसान सोडून देण्याचा अधिकार एका विश्वस्ताला एकट्याने नसतो. तो कार्यकारिणीच्या बैठकीत, ठरावाने आणि कारणे नोंदवूनच वापरावा लागतो. तेव्हा पहिले काम हे की, एका वहीत वाद्य, मालक, नेमके नुकसान आणि दुरुस्तीचा अंदाज अशा चार रकान्यांत सगळे उतरवून काढा. हे काम रुक्ष वाटेल. तरीही गेले आठ दिवस ज्या गुंत्याने तुमची झोप उडवली आहे, त्याचा निम्मा भाग या एका कागदाने सुटेल, असा माझा अंदाज आहे. कारण आज तुमच्या डोक्यात अपमान, पैसे, पोलीस, गुरुजींची आठवण आणि त्या मुलाचे दहावीचे वर्ष ही सगळी एकाच गाठोड्यात बांधलेली आहेत.

‘नेमके नुकसान’ या शब्दांवर थोडा थांबतो. तुमच्या एका सदस्यांनी ‘तबल्याच्या तीन जोड्या गेल्या’ असे म्हणत दीड लाखाचा आकडा मांडला आहे. तबल्याची पुडी चिरली की ती सांधता येत नाही, नवीनच चढवावी लागते, हे खरे. पण पुडी म्हणजे तबला नव्हे. लाकडी खोड शाबूत असेल, बाजूचे लाकडी गट्टे जागेवर असतील आणि वादी, म्हणजे पुडी ताणून धरणारी चामड्याची दोरी, तुटलेली नसेल तर तबला गेलेला नाही, त्याचे तोंड गेले आहे. डग्ग्याचे पोचे धातूचे काम जाणणारा माणूस आतून ठोकून बऱ्याच अंशी काढू शकतो. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या नाव असलेल्या तुमच्या गावात असा माणूस शोधायला फार लांब जावे लागू नये. जुन्या नाशिकच्या तांबट आळीत आधी विचारून पाहा. पेटीचा भाता बदलता येतो. तिच्यात पाणी गेले आहे म्हणून कोणी ती उन्हात ठेवायला सांगितले तर ऐकू नका. लाकूड वाकेल आणि सांधे सुटतील. ती सावलीत, वाऱ्यावर, झाकण काढून ठेवा आणि कारागिराने पाहीपर्यंत भाता हलवून ‘वाजते का’ हे तपासण्याचा मोह टाळा, म्हणजे आतली ओल सुरांच्या पितळी पट्ट्यांपर्यंत आणखी पसरणार नाही.

राहिला मोठा तंबोरा. त्याच्याबद्दल तुम्ही ‘तो आता गेला’ असे लिहिले आहे. मला तसे वाटत नाही, निदान इतक्या लवकर तरी नाही. मिरजेत तंबोरे आणि सतारी बनवण्याचे काम एकोणिसाव्या शतकापासून चालत आले आहे, तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. मंगळवेढा-पंढरपूर भागातला वाळवलेला भोपळा आणि तून लाकडाची दांडी हाताळत मोठी झालेली घराणी तिथे आहेत. तडकलेला भोपळा आतून आधार देऊन सांधणे हे त्यांच्या रोजच्या कामातले काम आहे. अट एकच, तुकडे हवेत. म्हणून नखाएवढी कपचीसुद्धा केरात जाऊ देऊ नका. सगळे तुकडे एका कापडात बांधा, घोडी आणि तारा बारीक जुळवण्याचे मणके वेगळ्या पुडक्यात ठेवा आणि कोणत्याही घरगुती डिंकाने काहीही चिकटवू नका, कारण चुकीचा डिंक काढण्यात कारागिराचे श्रम वाया जातात आणि कडा खराब होतात. सांधलेल्या तंबोऱ्याचा झंकार पूर्वीसारखाच येईल याची हमी कोणी देणार नाही. जवारी, म्हणजे तारांना गुंजणारा नाद देणारी घोडीची घडण, नव्याने लावावी लागेल आणि ती बसायला काही महिने लागतील. पण ‘गेला’ आणि ‘सांधावा लागेल’ यांत जे अंतर आहे ते तुमच्या निर्णयातही दिसले पाहिजे.

या हिशेबाला कायद्याच्या बाजूनेही महत्त्व आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मध्ये मालमत्तेची खोडसाळ हानी हा गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा नुकसानीच्या रकमेनुसार बदलते. वीस हजारांपासून एक लाखाच्या आतपर्यंतच्या नुकसानीला दोन वर्षांपर्यंत, एक लाख किंवा त्याहून अधिक नुकसानीला पाच वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. त्यामुळे रागाच्या भरात ‘दीड लाख’ लिहिणे आणि कारागिराच्या लेखी अंदाजानुसार येईल तो आकडा लिहिणे यांत फक्त प्रामाणिकपणाचा फरक नाही. कोणावर काय आरोप येतो याचाही फरक आहे. आकडा फुगवू नका, दयेपोटी कमीही करू नका.

आता त्या मुलाबद्दल. तो क्षणभर दिसलेला चेहरा तुम्ही ओळखलात यावर माझा विश्वास आहे. ज्याच्या बोटांची ठेवण चार वर्षे समोर बसून दुरुस्त केली, त्याला शिक्षक अंधारातही ओळखतो. पण कुंपण चढताना दिसणे वेगळे आणि ब्लेड चालवताना दिसणे वेगळे. उरलेले दोघे कोण, कोणत्या वयाचे, आत कोणी काय केले, हे त्या चित्रणात नाही. आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिली आहे. कोपऱ्यातली चौथी जोडी, जिच्यावर तो नेहमी वाजवत असे, तिला धक्काही लागलेला नाही. तुम्हाला त्यात त्याची कबुली दिसते, तर एका पालकांना लबाडी. मला त्यात एक गवसणी (कापडी खोळ) घातलेली जोडी दिसते, जी कपाटाआड होती. तो तिच्यापाशी थांबला असेल, कदाचित त्याने इतरांना थांबवलेही असेल, किंवा ती कोणाच्या नजरेस पडली नसेल. हे त्याच्याकडूनच कळेल, आणि गेल्या आठ दिवसांत त्याच्याशी एकही मोठे माणूस बोललेले नाही. वडील बोलले, पण तुमच्याशी. पालक बोलले, पण आपसांत. तो गप्प आहे असे सगळे म्हणतात. त्याला विचारले कोणी?

पालकांच्या गटावरचा त्याचा फोटो मात्र आजच उतरवायला सांगा. अल्पवयीन न्याय (बालकांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याचे कलम ७४ चौकशीला सामोऱ्या जाणाऱ्या बालकाची ओळख कोणत्याही संपर्कमाध्यमातून उघड करण्यास मनाई करते, आणि त्याचा भंग दंडनीय आहे. हा नियम पालकांना सांगताना आवाज चढवण्याची गरज नाही. ज्यांनी फोटो टाकला त्यांचीही मुले चौदा-पंधरा वर्षांचीच आहेत, एवढे आठवून दिले तरी पुरे.

तुमच्या पत्रातले ‘सरस्वतीचा अपमान’ हे शब्द मी अनेकदा वाचले. वाद्याला चुकून पाय लागला तर आपण वाकून हात कपाळाला लावतो, खंडेनवमीला तबल्यावर हळदीकुंकू वाहतो. त्या भावनेला धक्का बसला आहे आणि तो खरा आहे. परंतु ताई, हे शब्द कार्यकारिणीच्या बैठकीत आणि त्या मुलासमोर वापरू नका, असा माझा आग्रह आहे. अपमान देवीचा म्हटला की त्याची भरपाई कोणत्याच मुलाला करता येत नाही. एक तर तो कायमचा पापी ठरतो, नाहीतर नाक घासायला लावून सोडून दिला जातो. पुडी चिरली म्हटले की पुडी बदलता येते, ती कोणी बदलायची आणि कोणाच्या खर्चाने, हे बोलता येते. वाद्याला नमस्कार करायला त्याला तुम्हीच शिकवले होते. त्याला ते माहीत नाही असे समजून त्याला पुन्हा शिकवायला जाऊ नका.

आणि पलुस्करांचे नाव तुम्ही घेतलेच आहे म्हणून सांगतो. लहानपणी फटाक्याच्या अपघातात दृष्टी अधू झाल्यामुळे विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला आले. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उभे केले. पुढे मुंबईतली त्यांची इमारत कर्जापायी लिलावात गेली, त्यानंतर आयुष्याच्या उत्तरार्धात ते पंचवटीत आश्रम करून राहिले आणि १९३१ मध्ये मिरजेतच वारले. नाशिकशी त्यांचे नाते आहे ते असे, नुकसान सोसून आलेल्या माणसाचे. ‘पलुस्करांच्या गावात असे कसे घडले’ या प्रश्नाला म्हणूनच माझ्याकडे उत्तर नाही. असे घडण्यापासून कोणतेही गाव सुटलेले नाही.

आता तुमच्या पत्राच्या पाचव्या पानावरच्या त्या वाक्याकडे येतो, जे तुम्ही कंसात लिहिले आहे. गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाच्या तालमीत त्या मुलाची लय सुटली तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, ‘तुझा हात अजून कच्चा आहे, खाली बस,’ आणि साथीला दुसऱ्याला बसवलेत. त्यानंतर तो आला नाही. तुम्ही विचारता, माझ्या एका वाक्याने हे झाले का?

त्या वाक्याने तो दुखावला असेल, ही शक्यता मोठी आहे. पंधराव्या वर्षी चारचौघांत ‘खाली बस’ ऐकणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी ज्यांनी ऐकले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. मला स्वतःला एका शिक्षकांनी नाटकाच्या तालमीतून असेच खाली बसवले होते आणि त्या दिवशी मी कोणते कपडे घातले होते ते मला अजून आठवते. पण त्या वाक्याची जबाबदारी वाक्यापुरतीच. तुमच्या हातून एक कठोर शब्द गेला. ब्लेड दुसऱ्याच्या हाती होते. तुमच्या पत्रातून मला भीती वाटते ती वेगळीच. तुम्ही त्या मुलाला भेटाल, तो मान खाली घालून ‘चुकलो’ म्हणेल, तुम्ही भरून येऊन ‘माझेही चुकले’ म्हणाल आणि दोन माफ्यांची अदलाबदल होऊन हिशेब मिटेल. तसे करू नका. वाद्यांबद्दलचे बोलणे आधी, तिसऱ्या माणसाच्या उपस्थितीत आणि संस्थेतर्फे होऊ द्या. तालमीतल्या वाक्याबद्दल तुम्हाला त्याला काही म्हणायचे असेल तर ते काही दिवसांनी, निराळ्या प्रसंगी आणि त्याच्याकडून कशाचीही अपेक्षा न ठेवता म्हणा. आणि हो, ते सगळ्यांसमोर बोलला होतात, तेव्हा पुढच्या कोणत्या तरी तालमीत, कोणाचेही नाव न घेता, ‘मी मुलांना चारचौघांत खाली बसवणार नाही’ हेही सगळ्यांसमोरच सांगितलेत तर बरे.

पोलिसांकडे जावे का? माझे मत स्पष्ट आहे: लेखी माहिती द्यावी, आणि याच आठवड्यात द्यावी. तुम्हाला वाटते की तक्रार म्हणजे त्या मुलाच्या कपाळावर कायमचा डाग. कायदा तसे म्हणत नाही. अठरा वर्षांखालील मुलाने असा गुन्हा केल्याचा आरोप असेल आणि तो घोर स्वरूपाचा नसेल, त्यात प्रौढही सामील नसेल, तर सामान्यतः प्रथम खबर (एफआयआर) दाखल न होता नोंद पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत होते आणि मुलाच्या सामाजिक परिस्थितीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे जातो. प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. त्याच्याशीच बोलायचे आहे असे सांगा. मंडळ मुलाला समज देऊन समुपदेशनासह घरी पाठवू शकते, समाजसेवेचे काम देऊ शकते, पालकांना दंड भरायला सांगू शकते. अल्पवयीन न्याय अधिनियमाच्याच कलम २४ प्रमाणे अशा निष्कर्षामुळे त्याला पुढे शिक्षणात किंवा नोकरीत अपात्र ठरवता येत नाही. म्हणजे दहावीचे वर्ष वाया जाईल या भीतीला, निदान कायद्याच्या पुस्तकात तरी, फारसा आधार नाही.

उलट न गेल्याने काय होते ते पाहा. उरलेले दोघे अल्पवयीन आहेत की प्रौढ, हे तुम्हाला माहीत नाही. एखादा एकोणीस वर्षांचा मुलगा या दोघांना घेऊन आला असेल तर तुमच्या गप्प बसण्याचा फायदा त्याला होईल आणि सगळा भार ओळखू आलेल्या एकट्या विद्यार्थ्यावर पडेल. विमा असेल तर विमा कंपनी पोलिसांना कळवल्याची नोंद मागणार, शिवाय मुद्दाम केलेली नासधूस तुमच्या पॉलिसीत येते का, हेही आधी एजंटाकडून लेखी विचारून घ्या. अर्ज साधा ठेवा: काय सापडले, कधी, चित्रणात काय दिसते. ओळखलेल्या मुलाबद्दल ‘हा आमचा माजी विद्यार्थी असावा असे वाटते’ इतकेच, आणि उरलेल्यांसाठी ‘अनोळखी’. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. औषधांच्या दुकानदारांना आजच भेटा, कारण कॅमेऱ्याच्या यंत्रात जुन्या चित्रणावर नवे चित्रण चढत जाते; ते पुसले गेले तर नंतर हळहळण्याखेरीज हाती काही उरत नाही. वकिलाचा खर्च परवडणार नाही असे तुम्ही लिहिले आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. नाशिकच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जाऊन एकदा विचारा, तिथे समेटासाठी मध्यस्थीची सोयही समजून घेता येईल.

आणि ते पाकीट. ते त्या दिवसापासून तुमच्या खणात, कापलेल्या तारांच्या भेंडोळ्याशेजारी पडून आहे. तुम्ही ते उघडलेले नाही आणि परतही केलेले नाही. तुम्ही त्याला लाच म्हणता. मला तो एका घाबरलेल्या बापाचा अवघडलेला प्रयत्न वाटतो. घाबरलेली माणसे पाकिटे घेऊनच येतात, कारण रिकाम्या हाताने काय बोलावे ते त्यांना सुचत नाही. पण हेतू काहीही असो, ते तुमच्याकडे राहता कामा नये. उद्या कार्यकारिणीतलेच कोणी विचारेल की त्यात किती होते, आणि तुमच्याकडे सांगण्यासारखे काही नसेल. एका सदस्याला सोबत घ्या, पाकीट न उघडता त्यांच्या घरी परत द्या आणि दोन ओळींची पोच घ्या. त्याच भेटीत त्यांना सांगा की नुकसानभरपाई हवी आहे, पण ती अशी नको. कारागिरांचे लेखी अंदाज आल्यावर कार्यकारिणी ठराव करील आणि ठरेल तो वाटा त्यांनी बिलापोटी थेट कारागिराला द्यावा. मिरजेचे बिल मिरजेला आणि पेटीचे पेटीवाल्याला. भरपाई आणि तक्रार मागे घेणे यांची सांगड कोणीही घालू नये. एका मुलावर तिघांचा खर्चही टाकू नका, इतर दोघे सापडेपर्यंत हिशेब उघडा ठेवा.

हे वाचणाऱ्या आणि अशाच प्रसंगात सापडलेल्या आईवडिलांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. मुलाने दुसऱ्याचे काही मोडले असेल तर पैसे तुम्ही द्या, पण मुलाला घरी ठेवून एकटे जाऊ नका. त्याच्या वतीने तुम्ही गेलात की त्याला एवढेच कळते की आपल्या कृत्याला एक किंमत होती आणि ती बाबांच्या खिशात होती.

त्याला काम काय द्यावे? तुम्ही सुचवलेली सर्वांसमोर माफी मला मुळीच मान्य नाही. वर्गातल्या लहान मुलांना तो तमाशा वाटेल आणि त्याच्या मनात तालमीतला प्रसंग दुसऱ्यांदा घडेल. त्याऐवजी, तो आणि त्याचे पालक तयार असतील तर, पुड्या चढवल्या जातील तेव्हा त्याला तबलेवाल्याकडे बसवा. पुडी चढवताना भिजवलेली वादी गजऱ्यातून, म्हणजे पुडीच्या कडेच्या विणलेल्या चामडी कड्यातून, एकेका घरात ओवून खेचावी लागते, तळहात सोलवटतात आणि एक घर सैल राहिले तरी सूर सगळीकडे सारखा लागत नाही. शाई, म्हणजे पुडीवरचा काळा गोल, लावणारा माणूस लोखंडाची पूड आणि खळ यांचा एक पातळ थर देतो, दगडाने घोटतो, पुन्हा थर देतो, पुन्हा घोटतो. शाईला सूक्ष्म भेगा पडाव्यात आणि तरी ती उखडू नये, एवढ्यासाठी हे तासन्‌तास चालते. चार वर्षे तबला वाजवणाऱ्या मुलालाही हे बहुधा कोणी दाखवलेले नसते. मला विचाराल तर दोष न देता ते दाखवायला हवे होते, पहिल्याच वर्षी आणि सगळ्याच मुलांना. मात्र हे काम शिक्षा म्हणून जाहीर करू नका, आणि कारागिराच्या संमतीशिवाय तर अजिबात नको. त्याचे दुकान म्हणजे सुधारगृह नव्हे.

महिनाभर वर्ग बंद ठेवण्याच्या सूचनेला मी एका वाक्यात नकार देतो: परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रात आहेत आणि मुलांनी काहीही केलेले नाही. गाणाऱ्यांना इलेक्ट्रॉनिक तंबोरा काही दिवस चालेल. तबल्याची मुले बोल हातावर टाळी देत म्हणतील, पढंत पक्की होईल. ज्या मुलीची जोडी चिरली गेली, तिच्या घरी तुम्ही स्वतः जा. तिला सरावासाठी तोवर कोणती जोडी द्यायची ते सोमवारच्या आत ठरवा आणि तिच्या पुडीचे काम सर्वांत आधी करून घ्या, संस्थेच्या जोड्यांच्याही आधी. खिडकीची तुटलेली कडी बसवा. वाद्यांना गवसण्या शिवून घ्या. कॅमेरा लावायचा असेल तर बाहेर, वर्गात नको.

राहिली ती चौथी जोडी. पुरावा म्हणून कुलपात ठेवावी की ‘त्याची’ म्हणून बाजूला काढावी, असे तुम्ही विचारले आहे. ती आहे तिथेच तिचे फोटो काढा, पोलिसांना दाखवा, आणि त्यांना हरकत नसेल तर सोमवारी गवसणी काढून चुंबळीवर ठेवा, स्वरात मिळवा आणि पहिली पाळी त्या मध्यमेच्या मुलीला द्या.